तुओल स्लेंग नरसंहार संग्रहालय

तुओल स्लेंग नरसंहार संग्रहालय हे कंबोडियाची राजधानी पनॉम पेन येथील स्मृतिसंग्रहालय आहे. ख्मेर रूज राजवटीच्या काळात (१९७५–१९७९) या ठिकाणी ‘एस-२१’ या सांकेतिक नावाचे गुप्त कारागृह होते. त्याआधी येथे एक माध्यमिक शाळा भरत असे. कारागृहात आणलेल्या कैद्यांची संख्या वेगवेगळ्या अभ्यासकांनी सुमारे १४,००० ते २०,००० च्या दरम्यान मानली आहे. किमान १२,२७२ बळींची नोंद न्यायालयीन निकालात आहे. जिवंत बाहेर पडलेल्यांची संख्या अत्यल्प होती. कारागृहाच्या इमारती, कोठड्या, कैद्यांची छायाचित्रे आणि लेखी ‘कबुलीजबाब’ येथे जतन केलेले असून ते अभ्यासकांना व सर्वसामान्य प्रेक्षकांना पाहता येतात. येथील अभिलेखांचा समावेश २००९ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत झाला. २०२५ साली हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले.

## थोडक्यात माहिती

- स्थळ: पनॉम पेन, कंबोडिया
- मूळ वापर: माध्यमिक शाळा (१९६० च्या दशकापासून)
- कारागृह म्हणून वापर: १९७६ ते जानेवारी १९७९
- संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले: १९८०
- संबंधित स्थळे: चोएंग-एक येथील सामूहिक दफनभूमी, एम-१३ कारागृहाची जागा

## नाव

ख्मेर भाषेत ‘तुओल’ म्हणजे उंचवटा किंवा टेकाड. ‘स्लेंग’ हे एका विषारी वृक्षाचे नाव आहे. कोकणात आणि गोव्यात जो वृक्ष काजरा म्हणून ओळखला जातो व ज्याच्या बियांना आयुर्वेदात कुचला म्हणतात, तोच हा वृक्ष होय. त्यामुळे ‘तुओल स्लेंग’चा अर्थ ‘काजऱ्याचे टेकाड’ असा होतो. हे नाव मुळात याच आवारालगतच्या प्राथमिक शाळेचे होते. माध्यमिक शाळेचे नाव ‘तुओल स्वाय प्रेय’, म्हणजे ‘रानआंब्याचे टेकाड’ असे होते. कारागृह बंद पडल्यानंतर जगाला परिचित झाले ते मात्र काजऱ्याचे नाव.

‘एस-२१’ मधील ‘एस’ हे अक्षर सामान्यतः ‘सांतेबाल’ या ख्मेर रूजच्या सुरक्षा-पोलीस यंत्रणेशी जोडले जाते. कारागृह चालू असताना पक्षाच्या मोजक्या वरिष्ठ नेत्यांखेरीज आणि तेथील कर्मचाऱ्यांखेरीज त्याचे अस्तित्व कोणालाही माहीत नव्हते.

## पार्श्वभूमी

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने पनॉम पेन ताब्यात घेतले. त्यानंतर काही दिवसांतच शहरातील सर्व रहिवाशांना खेड्यांकडे हाकलण्यात आले. रुग्णालयांतील रुग्णांनाही त्यातून सूट मिळाली नाही. चलन रद्द झाले, बाजार, टपालसेवा, बुद्धविहार आणि शाळा बंद झाल्या, खाजगी मालमत्ता संपुष्टात आली. पोल पॉटच्या नेतृत्वाखालील या राजवटीने देशाचे नाव ‘लोकशाही कंपुचिया’ असे ठेवले. पक्ष स्वतःला ‘आंगकार’ (संघटना) म्हणवीत असे आणि प्रत्येक आज्ञा याच निनावी ‘संघटने’च्या वतीने दिली जाई.

उपासमार, अतिश्रम, रोगराई आणि हत्या यांमुळे पावणेचार वर्षांत सुमारे १५ ते २० लाख लोक मरण पावले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास होती. शिक्षक, डॉक्टर, वकील, भिक्षू आणि जुन्या राजवटीतील अधिकारी यांना विशेष लक्ष्य करण्यात आले. देशभर अनेक तुरुंग होते. एस-२१ त्या सर्वांच्या शिखरस्थानी होते, कारण त्याचा थेट संबंध पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाशी होता.

## शाळेचे कारागृह

रिकाम्या झालेल्या राजधानीत एस-२१ ची यंत्रणा १९७५ च्या उत्तरार्धात कामाला लागली आणि १९७६ मध्ये ती या शाळेच्या आवारात स्थिरावली. मोकळ्या पटांगणाभोवती तीनमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब व्हरांडा आणि ओळीने वर्ग अशी शाळेची रचना होती. वर्गांच्या भिंतींना दारे पाडून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्याची वाट केली गेली. आत विटांच्या आणि लाकडी फळ्यांच्या अरुंद कोठड्या उभारल्या गेल्या. काही वर्ग सामूहिक कोठड्या झाले. तेथे कैद्यांना लांब लोखंडी दांड्याला पायांनी जखडून ओळीने जमिनीवर झोपवीत. आवाराभोवती काटेरी तारांचे कुंपण होते. पटांगणातील व्यायामाचा उंच खांब छळासाठी वापरला गेला. तेथे कैद्यांना उलटे टांगून बेशुद्ध झाल्यावर खालच्या रांजणातील घाण पाण्यात बुडवीत.

शाळेशी असलेला संबंध केवळ वास्तूपुरता नव्हता. कारागृहाचा प्रमुख कांग केक इऊ (टोपणनाव ‘दुच’) हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. चौकशी विभागातील वरिष्ठ अधिकारी माम नाय हाही शिक्षकी पेशातून आला होता. या यंत्रणेवर देखरेख ठेवणारा संरक्षणमंत्री सोन सेन पूर्वी राजधानीतील अध्यापक-प्रशिक्षण संस्थेत काम करीत असे. स्वतः पोल पॉटनेही काही वर्षे खाजगी शाळेत अध्यापन केले होते. देशातील शाळा बंद करणाऱ्या राजवटीच्या नेतृत्वात माजी शिक्षकांचा असा भरणा होता. इतिहासकार डेव्हिड चँडलर यांनी येथील कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. दुच कैद्यांचे कबुलीजबाब बारकाईने वाची, त्यांच्या समासात शेरे मारी आणि अपुरे वाटलेले जबाब पुन्हा लिहून घेण्याचे आदेश देई, हे त्या कागदपत्रांवरून दिसते. पहारेकरी आणि कनिष्ठ कर्मचारी यांत खेड्यांतून आणलेल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या किशोरवयीन मुलांचे प्रमाण मोठे होते.

## कार्यपद्धती

एस-२१ चे वेगळेपण त्याच्या लेखी शिस्तीत होते. कैदी आणला की त्याची नोंद होई, छायाचित्र काढले जाई आणि बालपणापासून अटकेपर्यंतचा जीवनवृत्तान्त लिहून घेतला जाई. मग त्याला कोठडीत टाकून चौकशी सुरू होई. अटक झालेली व्यक्ती दोषीच असणार, कारण ‘संघटने’च्या हातून चूक होत नाही, हे गृहीतक होते. निर्दोष सुटण्याची तरतूद या पद्धतीत नव्हती.

चौकशीचा हेतू सत्यशोधनाचा नव्हता. हवा तसा कबुलीजबाब मिळवणे आणि आणखी ‘गद्दारां’ची नावे काढणे, हा तिचा हेतू होता. मारहाण, विजेचे झटके, पाण्यात गुदमरवणे असे प्रकार वापरले जात. अमेरिकेच्या सीआयएसाठी, सोव्हिएत केजीबीसाठी आणि व्हिएतनामसाठी एकाच वेळी हेरगिरी केल्याची कबुली शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी दिलेली आढळते. त्यांपैकी अनेकांनी या संस्थांची नावे चौकशीपूर्वी ऐकलेलीही नव्हती. प्रत्येक जबाबातून नव्या नावांची यादी निघे, त्या लोकांना अटक होई आणि त्यांच्या जबाबांतून पुढची यादी तयार होई. १९७७ आणि १९७८ या वर्षांत कैद्यांचा ओघ सर्वाधिक होता तो यामुळेच. एका वेळी सुमारे १,००० ते १,५०० कैदी येथे असत.

जबाब पूर्ण झाला की कैद्याची उपयुक्तता संपे. आरंभी बळींना आवाराजवळच पुरले जाई. पुढे त्यांना रात्री मालमोटारींतून शहराबाहेरील चोएंग-एक येथे नेऊन ठार मारण्यात येऊ लागले. नेलेल्यांच्या याद्याही टंकलिखित करून ठेवल्या जात.

## कैदी

आरंभीच्या कैद्यांत आधीच्या लोन नोल राजवटीतील सैनिक व अधिकारी अधिक होते. पुढे पक्षांतर्गत संशय वाढत गेला आणि बहुसंख्य कैदी ख्मेर रूजचेच कार्यकर्ते, सैनिक व त्यांचे कुटुंबीय असत. माहितीमंत्री हू निम यांना १९७७ साली येथे ठार मारण्यात आले. एस-२१ मधील काही पहारेकरी आणि चौकशी अधिकारीही संशयावरून कैदी बनले व मारले गेले. कैद्याबरोबर त्याची पत्नी आणि मुले यांनाही आणण्याची प्रथा होती. तान्ह्या मुलांसह आलेल्या मातांची छायाचित्रे संग्रहात आहेत.

परदेशी कैद्यांत सर्वाधिक संख्या व्हिएतनामी लोकांची होती. त्याखेरीज थाई, लाओशियन, भारतीय, पाकिस्तानी तसेच काही पाश्चात्त्य नागरिकही होते. न्यूझीलंडचे केरी हॅमिल आणि ब्रिटनचे जॉन ड्यूहर्स्ट हे १९७८ साली शिडाच्या नौकेतून प्रवास करताना कंबोडियाच्या सागरी हद्दीत पकडले गेले आणि एस-२१ मध्ये मारले गेले.

हूत बोफाना या तरुणीचे प्रकरण कंबोडियात विशेष परिचित आहे. ख्मेर रूजमध्ये असलेल्या आपल्या पतीला लिहिलेली प्रेमपत्रे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. १९७७ मध्ये दोघांनाही ठार मारण्यात आले. तिची पत्रे येथील कागदपत्रांतच टिकून राहिली. दिग्दर्शक रिथी पान यांनी तिच्यावर १९९६ साली माहितीपट केला. पनॉम पेनमधील दृक्-श्राव्य अभिलेख केंद्रालाही तिचेच नाव देण्यात आले आहे.

## वाचलेले कैदी

केवळ सात जण वाचले, असे दीर्घकाळ मानले जात होते. नंतरच्या संशोधनातून ही संख्या त्याहून अधिक असल्याचे आढळले आणि त्यांत काही मुलांचाही समावेश झाला. प्रौढांपैकी जे वाचले त्यांच्या बाबतीत एक समान धागा आहे. हातातील एखाद्या कौशल्यामुळे ते कारागृहाला उपयोगी होते.

चित्रकार वान नाथ यांना १९७८ च्या आरंभी येथे आणले गेले. छायाचित्रावरून पोल पॉटची व्यक्तिचित्रे रंगवण्याच्या कामामुळे त्यांचे प्राण वाचले. चित्रकार बू मेंग यांच्याकडेही असेच काम होते. त्यांच्यासोबत आणलेली त्यांची पत्नी मात्र वाचू शकली नाही. यांत्रिक कारागीर चुम मेय हे कारागृहातील टंकलेखन यंत्रे आणि इतर यंत्रे दुरुस्त करीत. ज्या यंत्रांवर कबुलीजबाब टंकलिखित होत, तीच दुरुस्त करण्याच्या कामामुळे ते जगले.

कारागृह बंद झाल्यावर वान नाथ यांनी तेथे पाहिलेले व सहकैद्यांकडून ऐकलेले प्रसंग चित्रबद्ध केले. छळाच्या प्रत्यक्ष प्रसंगांची छायाचित्रे उपलब्ध नसल्याने ही चित्रे साक्षीचे महत्त्वाचे साधन ठरली. वान नाथ यांचे २०११ साली निधन झाले. बू मेंग आणि चुम मेय यांनी पुढे अनेक वर्षे संग्रहालयाच्या आवारात बसून आपल्या आठवणींची पुस्तके प्रेक्षकांना दिली आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

## शोध आणि स्थापना

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य पनॉम पेनमध्ये शिरले. दुच आणि त्याचे कर्मचारी घाईने पळून गेले आणि जाताना त्यांना कागदपत्रे नष्ट करता आली नाहीत. लवकरच व्हिएतनामी छायाचित्रकार दुर्गंधीच्या मागाने या आवारात पोहोचले. इमारतींमध्ये लोखंडी खाटांना बांधलेली, नुकतीच मारलेली प्रेते होती. काही मुले जिवंत सापडली. शेवटच्या १४ बळींना पटांगणातच पुरण्यात आले.

व्हिएतनामी अधिकारी माय लाम यांच्या देखरेखीखाली या स्थळाचे संग्रहालयात रूपांतर झाले. हो ची मिन्ह सिटी येथील युद्धविषयक संग्रहालयाच्या उभारणीशीही त्यांचा संबंध होता. वाचलेल्या कैद्यांपैकी इंग पेच हे आरंभीच्या काळात संग्रहालयाचे प्रमुख होते. प्रथम परदेशी शिष्टमंडळांना आणि १९८० मध्ये सर्वसामान्य कंबोडियन नागरिकांना येथे प्रवेश मिळाला. हजारो लोक आले. त्यांपैकी अनेक जण भिंतीवरील छायाचित्रांत आपल्या हरवलेल्या माणसांचे चेहरे शोधत होते.

स्थापनेमागे राजकीय हेतूही होता. व्हिएतनामच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या नव्या सरकारला बहुतेक देशांची मान्यता नव्हती आणि संयुक्त राष्ट्रांतील जागा पदच्युत ख्मेर रूजच्या प्रतिनिधीकडेच राहिली होती. भारताने जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. अशा परिस्थितीत हे संग्रहालय व्हिएतनामी हस्तक्षेपाचे समर्थन करणारा पुरावा म्हणूनही मांडले गेले. सारा दोष ‘पोल पॉट टोळी’वर टाकण्याचा त्या काळातील मांडणीचा कल होता. नव्या सरकारातही ख्मेर रूजमधून फुटून आलेले नेते होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

या पार्श्वभूमीमुळे संग्रहालयातील मांडणी बनावट असल्याचा आरोप अधूनमधून होत आला. पटांगणातील फलकावर कैद्यांसाठी दहा नियम लिहिलेले आहेत. प्रश्नाला तत्काळ उत्तर द्यावे, फटके बसताना रडू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. हा फलक आपल्या काळातील नाही, असे दुचने न्यायालयात सांगितले. कागदपत्रांच्या अस्सलपणाबद्दल मात्र शंका उरली नाही, कारण त्यांवरील हस्ताक्षरे आणि शेरे आपले असल्याचे त्याने स्वतः मान्य केले. ख्मेर रूजचे गुन्हे नाकारण्यास शिक्षा ठरवणारा कायदा कंबोडियाने २०१३ साली केला.

## परिसर आणि दालने

संग्रहालयात चार मुख्य इमारती असून त्यांना ए, बी, सी आणि डी अशी नावे आहेत. मध्यभागी एक लहान इमारत आहे. पटांगणात चाफ्याची झाडे आहेत.

ए इमारतीत चौकशीच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक लोखंडी खाट, पायातील बेड्या आणि भिंतीवर १९७९ मध्ये त्याच खोलीत काढलेले छायाचित्र एवढेच आहे. इमारतीसमोर शेवटच्या १४ बळींची पांढरी थडगी आहेत.

बी इमारतीत प्रामुख्याने कैद्यांची छायाचित्रे मांडलेली आहेत. सी इमारत बरीचशी मूळ स्थितीत राखलेली आहे. तळमजल्यावर विटांच्या, तर वरच्या मजल्यावर लाकडी कोठड्या आहेत. व्हरांड्यांवर काटेरी तारांची जाळी आहे. छळ असह्य होऊन कैद्यांनी खाली उडी घेऊ नये, यासाठी ती लावलेली होती. काही खोल्यांत शाळेचे फळे अजून भिंतीवर आहेत.

डी इमारतीत छळाची साधने, वान नाथ यांची चित्रे आणि अस्थी ठेवलेल्या आहेत. सुमारे ३०० कवट्यांचा बनवलेला कंबोडियाचा नकाशा पूर्वी संग्रहालयात होता. बौद्ध परंपरेनुसार मृतांचे अंत्यसंस्कार व्हायला हवेत, अस्थी अशा रीतीने मांडणे योग्य नाही, असे मत राजे नोरोदोम सिहानूक यांच्यासह अनेकांनी मांडले. तो नकाशा २००२ साली हटवण्यात आला.

## छायाचित्रे आणि त्यांवरील वाद

संग्रहात ४,१८६ कबुलीजबाब, ६,२२६ जीवनवृत्तान्त आणि कैद्यांच्या ६,१४७ छायाचित्रांच्या प्रती व निगेटिव्ह यांची नोंद आहे. प्रमुख छायाचित्रकारांपैकी न्हेम एन हा तरुण होता आणि त्याला चीनमध्ये प्रशिक्षण मिळाले होते. कैद्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढली की समोर कॅमेरा असे. त्यामुळे बहुतेक चेहऱ्यांवर गोंधळ, भीती किंवा थकवा दिसतो. अनेकांच्या छातीवर क्रमांक लावलेला आहे. हा क्रमांक बहुधा त्या दिवसापुरता असल्याने केवळ त्यावरून व्यक्तीची ओळख पटत नाही. छायाचित्रे आणि जीवनवृत्तान्त कालौघात एकमेकांपासून वेगळे झाल्याने असंख्य चेहरे निनावी राहिले.

ही छायाचित्रे मारेकऱ्यांनी स्वतःच्या कामकाजासाठी काढली होती. बळींच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. तरीही अनेक कुटुंबांकडे आपल्या माणसाची हीच एकमेव प्रतिमा उरली आहे. त्यामुळे ती कशी आणि कोठे दाखवावीत, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. १९९० च्या दशकात दोन अमेरिकन छायाचित्रकारांच्या पुढाकाराने निगेटिव्हची स्वच्छता व जतन झाले. त्यांतील निवडक २२ छायाचित्रे १९९७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शित झाली. त्यात व्यक्तींची नावे आणि पुरेसा संदर्भ नसल्याने, मृत्यूपूर्वीच्या नोंदींना कलावस्तू बनवल्याची टीका झाली.

२०२१ साली एका परदेशी कलाकाराने काही छायाचित्रे संगणकावर रंगवली. त्यांपैकी काहींत चेहऱ्यांवर हसू घालण्यात आले होते आणि ती एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर झळकली. कुटुंबीयांनी व कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने तीव्र आक्षेप घेतल्यावर ती काढून टाकण्यात आली. बळींच्या चेहऱ्यावरील भाव हाही ऐतिहासिक पुराव्याचा भाग आहे, ही भूमिका या प्रसंगी ठळकपणे मांडली गेली.

## चोएंग-एक

शहराच्या मध्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेले चोएंग-एक हे पूर्वी फळबागेचे व चिनी दफनभूमीचे ठिकाण होते. येथे १२९ सामूहिक खड्डे आढळले. १९८० मध्ये त्यांपैकी ८६ खड्ड्यांच्या उत्खननातून ८,९८५ व्यक्तींचे अवशेष मिळाले. उर्वरित खड्डे तसेच ठेवण्यात आले. १९८८ साली बांधलेल्या काचेच्या भिंती असलेल्या उंच स्तूपात कवट्या व अस्थी ठेवलेल्या आहेत. पावसाळ्यानंतर जमिनीतून कापडाचे तुकडे आणि अस्थींचे अवशेष आजही वर येतात. तुओल स्लेंग आणि चोएंग-एक ही दोन्ही स्थळे सामान्यतः एकाच दिवशी पाहिली जातात.

## न्यायालयीन प्रक्रिया

ऑगस्ट १९७९ मध्ये पोल पॉट व इंग सारी यांच्यावर त्यांच्या अनुपस्थितीत खटला चालला. त्यात एस-२१ मधील पुरावा वापरला गेला, परंतु या खटल्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली नाही. पोल पॉट १९९८ साली मरण पावला. दुच अनेक वर्षे नाव बदलून राहत होता. या काळात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १९९९ साली एका छायाचित्रकाराने त्याला ओळखले आणि त्यानंतर त्याला अटक झाली.

संयुक्त राष्ट्रे आणि कंबोडिया यांच्या करारातून २००६ साली विशेष न्यायालय कार्यरत झाले. त्याच्यापुढील पहिलाच खटला दुचचा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायाधीशांनी त्याला घटनास्थळ-पाहणीसाठी तुओल स्लेंग येथे आणले. त्या वेळी तेथे वाचलेले कैदीही उपस्थित होते. सुनावणीत वान नाथ, बू मेंग आणि चुम मेय यांनी साक्ष दिली. केरी हॅमिल यांचे बंधूही न्यायालयापुढे उभे राहिले.

२६ जुलै २०१० रोजी मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि जिनिव्हा करारांचा गंभीर भंग यांसाठी दुचला ३५ वर्षांची शिक्षा झाली. पूर्वीच्या बेकायदा स्थानबद्धतेपोटी तीत ५ वर्षांची सूट देण्यात आली. शिक्षा अपुरी असल्याची भावना बळींच्या कुटुंबीयांत पसरली. ३ फेब्रुवारी २०१२ रोजी अपिलात ती जन्मठेपेत बदलली. २०२० साली तो कैदेत मरण पावला. मृताशी असलेले नाते पुरेशा पुराव्याअभावी सिद्ध न झाल्याने काही अर्जदारांना या खटल्यात बळींचे नातलग म्हणून मान्यता मिळाली नाही. त्यांपैकी काहींचे अर्ज अपिलात स्वीकारले गेले. छायाचित्राखाली नाव असणे किंवा नसणे याचा प्रत्यक्ष कायदेशीर परिणाम त्यातून दिसून आला.

संग्रहालयाच्या नावात ‘नरसंहार’ हा शब्द असला तरी दुचवर त्या गुन्ह्याचा आरोप सिद्ध झाला नव्हता. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार नरसंहार म्हणजे विशिष्ट राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा नाश करण्याच्या हेतूने केलेले कृत्य. एस-२१ चे बहुतेक बळी स्वतः ख्मेर होते आणि राजकीय संशयावरून मारले गेले होते. व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम समाजांविरुद्धच्या नरसंहाराबद्दल वरिष्ठ नेत्यांना याच न्यायालयाने २०१८ साली दोषी ठरवले. त्यांत नुओन चिया दोन्ही समाजांच्या, तर खिऊ साम्फान केवळ व्हिएतनामी समाजाच्या संदर्भात दोषी ठरला.

## स्मृतिस्तूप आणि बळींची नावे

२०१५ साली पटांगणात नवा स्मृतिस्तूप उभारण्यात आला. त्याच्या सभोवती काळ्या दगडी फलकांवर १२,००० हून अधिक बळींची नावे कोरलेली आहेत. छळाची साधने आणि कवट्या यांवर भर देणाऱ्या सुरुवातीच्या मांडणीपेक्षा हा दृष्टिकोन वेगळा आहे. येथे कुटुंबीय फुले वाहतात, भिक्षू मृतांसाठी प्रार्थना करतात. अभिलेखांच्या डिजिटायझेशनमुळे नातलगांना व संशोधकांना नावांचा शोध घेणे सोपे झाले आहे आणि निनावी छायाचित्रांना नावे जोडण्याचे काम चालू आहे.

बळी कोणाला म्हणावे, हा प्रश्न मात्र पूर्णतः मिटलेला नाही. येथे मारल्या गेलेल्यांपैकी अनेक जण आधी याच राजवटीचे सेवक होते आणि काहींच्या हातून इतरांवर अत्याचारही झाले होते. रिथी पान यांच्या २००३ मधील एस-२१ विषयीच्या माहितीपटात वान नाथ आणि माजी पहारेकरी याच इमारतीत समोरासमोर येतात. आपणही भीतीपोटी आज्ञा पाळली, म्हणून आपणही बळीच, असे पहारेकरी सुचवतात. तसे असेल तर येथे मेलेल्यांना काय म्हणायचे, असा वान नाथ यांचा प्रश्न असतो.

## शैक्षणिक उपयोग

ख्मेर रूजच्या काळाचा इतिहास कंबोडियाच्या पाठ्यक्रमात दीर्घकाळ अत्यंत त्रोटक होता. अनेक कुटुंबांत पालकांनी सांगितलेल्या आठवणी मुलांना अविश्वसनीय वाटत. २००७ साली कंबोडिया दस्तऐवजीकरण केंद्राने या कालखंडावर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र इतिहासग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कार्यक्रम झाले. न्यायालयाच्या काळात गावोगावच्या नागरिकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सहली तुओल स्लेंगला आणल्या गेल्या. त्यामुळे एके काळी मुख्यतः परदेशी पर्यटकांचे ठिकाण बनलेल्या या वास्तूत कंबोडियन विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढली.

## जागतिक वारसा

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे झालेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात तुओल स्लेंग, चोएंग-एक आणि एम-१३ या तीन स्थळांचा ‘कंबोडियातील स्मृतिस्थळे’ म्हणून वारसा यादीत एकत्रित समावेश झाला. एम-१३ हे गृहयुद्धाच्या काळात (१९७१–१९७५) दुचने चालवलेले कारागृह होते आणि एस-२१ ची कार्यपद्धती तेथेच आकाराला आली. याच अधिवेशनात महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांच्या ‘मराठा लष्करी स्थापत्या’चाही यादीत समावेश झाला. कंबोडियाची अंगकोरसारखी आधीची वारसास्थळे प्राचीन स्थापत्याशी निगडित होती. अलीकडच्या इतिहासातील अत्याचारांशी संबंधित असे हे त्या देशाचे पहिलेच नामांकन ठरले.

## भेट देणाऱ्यांसाठी

संग्रहालय सकाळी ८ ते सायंकाळी ५ या वेळेत खुले असते. परदेशी प्रेक्षकांना प्रवेशशुल्क आहे. अनेक भाषांतील ध्वनिमार्गदर्शिका शुल्क भरून मिळते. सर्व इमारती सावकाश पाहण्यासाठी दोन ते तीन तास लागतात.

आवारात शांतता पाळणे, अंग झाकणारा पोशाख करणे आणि जेथे मनाई आहे तेथे छायाचित्रे न काढणे अपेक्षित आहे. हसण्यास मनाई असल्याचे दर्शवणारे फलकही लावलेले आहेत. काही दालनांतील दृश्ये अत्यंत विदारक असल्याने लहान मुलांना आत नेण्यापूर्वी पालकांनी विचार करणे इष्ट ठरते. शेजारच्या वस्तीतून शाळकरी मुलांचे आवाज आवारात ऐकू येतात. येथे येणारे स्थानिक नागरिक अनेकदा पर्यटक नसून कोणाचे तरी नातलग असतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

## हेही पाहा

- ख्मेर रूज
- पोल पॉट
- चोएंग-एक
- कंबोडियाचा इतिहास
- जागतिक वारसा स्थळांची यादी